बंडूचं वेबिल : लिव्हर बिघडलेल्या कुत्र्याला झाडपाल्याचं औषध देताना

आमच्या घरात एक शंभर पानी वही आहे. तारीख, वेळ, काय दिलं, किती दिलं आणि शेवटी शेरा. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेबाचा कागद, भरल्याशिवाय हात मोकळा व्हायचा नाही. ती खोड निवृत्तीनंतर बंडूच्या लिव्हरच्या कामी आली.

बंडू म्हणजे आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३१ किलो. मुलाने पुण्यात घेतला तेव्हा त्याचं नाव ब्रूनो होतं. मुलगा-सून कॅनडाला ब्रॅम्प्टनला गेले, ब्रूनो वाईला आमच्याकडे आला आणि महिन्याभरात बंडू झाला. गेल्या वर्षी गणपती उठले आणि त्याने जेवणाकडे पाठ फिरवली. लॅब्रॅडॉरने ताटाकडे पाठ फिरवणं म्हणजे कंडक्टरने हसत हसत सुटे पैसे देणं. काहीतरी बिनसलंय हे नक्की समजावं. सकाळी पिवळा फेस उलटून टाकायचा, पाणी मात्र भांडंच्या भांडं संपवायचा. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा, ४८६. त्या लॅबची वरची मर्यादा शंभरच्या आसपास होती.

रिपोर्ट हातात येण्याआधीचे पंधरा दिवस मी काय केलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक घरांत हेच होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लिव्हरला आरोग्यवर्धिनीसारखं दुसरं काही नाही, आमच्या ह्यांना त्याचाच गुण आला." दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, गुळात कुस्करून सुरू केल्या. मटणवाल्याने सांगितलं, लिव्हरचा आजार तर लिव्हरच खायला घाला. रोज पाव किलो कलेजी घरी यायला लागली. जावळीकडच्या पाहुण्यांनी भुईआवळ्याची जुडी आणून दिली. आमच्या मंडळींनी बंडूचं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवायला सुरुवात केली, का तर ते गुणकारी. डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरी आणखी काय काय देताय? मी सगळं सांगितलं आणि त्यांनी पेनच खाली ठेवलं.

"काका, लॅब्रॅडॉरच्या लिव्हरमध्ये तांबं साठण्याचा आजार असतो. आणि तुम्ही त्याला चारी बाजूंनी तांबं देताय."

आरोग्यवर्धिनीत निम्मी कुटकी असते हे मला माहीत होतं. पण तिच्यात ताम्रभस्म आणि लोहभस्मही असतं, पारा-गंधकाची कज्जली असते, हे डबीवर बारीक अक्षरात छापलेलं मी वाचलंच नव्हतं. कलेजी हा तर तांब्याचा साठाच. आणि हंड्याचं काय सांगावं. चारी बाजूंनी हे त्या रागाने म्हणाल्या. भुईआवळा त्यातल्या त्यात निर्दोष होता. माणसाला काय मानवतं हा वेगळा विषय, त्यावर मी बोलणार नाही. पण लॅब्रॅडॉर, डॉबरमन, डाल्मेशियन, वेस्ट हायलँड टेरियर, बेडलिंग्टन टेरियर यांपैकी कुणी तुमच्या घरी असेल आणि त्याचं लिव्हर बिघडलेलं असेल, तर ज्यात ताम्र हा शब्द आहे असं काहीही, कितीही जुनं आणि नावाजलेलं असो, देऊ नका.

तेव्हा पहिली गोष्ट सिंगल बेलची. आधी गाडी थांबवायची. घरात जे काही चालू आहे, चूर्ण, काढा, सिरप, हळदीचं दूध, सगळं कागदावर लिहायचं, तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा आणि त्यांच्याशी बोलून घरगुती तेवढं बंद करायचं. डॉक्टरांनी दिलेली औषधं मात्र आपल्या मनाने बंद करायची नाहीत. फिट्सची गोळी चालू असेल आणि ती एकदम तोडली तर भलताच प्रसंग ओढवतो. फिनोबार्बिटोन या फिट्सच्या गोळीने लिव्हरचे आकडे वाढतात आणि कॉर्टिसोनच्या औषधांनी कुत्र्याचं अल्कलाइन फॉस्फेटेज, हा लिव्हरच्या तपासणीतला दुसरा आकडा, चढतं. म्हणजे आकडा वाढला म्हणून लिव्हर गेलं असंही नसतं. तो कागद डॉक्टरांना लागतो तो यासाठी.

दुसरं, कारण शोधल्याशिवाय झाडपाल्याला हात लावू नका. आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. त्यात कुत्रं पिवळं पडतं, आणि तो माणसालाही होऊ शकतो. त्याला अँटिबायोटिकच लागतं. भुईआवळा देत चार दिवस घालवले तर तेच चार दिवस महागात पडतात. गोचिडांच्या तापात लिव्हरचे आकडे वाढतात. पोत्याच्या तळाशी बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका कुत्र्याने खाल्ला तर अफलाटॉक्सिनने लिव्हर निकामी होतं, आणि कुत्रं या विषाला फार हळवं असतं. पित्ताच्या नळीत अडथळा असेल तर पित्त वाढवणारी हळदीसारखी वनस्पती उलटायची शक्यता. ही चारही कारणं वरून सारखीच दिसतात: जेवत नाही, उलट्या, मरगळ.

आमच्याकडे सोनोग्राफी झाली, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त घेऊन बाइल ॲसिडची तपासणी झाली. लिव्हर काम किती करतंय हे त्यातून कळतं. एसजीपीटी नुसतं पेशी फुटतायत एवढंच सांगतं. मग पुण्यात बायॉप्सी. तांबं निघालं. खरं औषध सुरू झालं ते पेनिसिलामाइन, अंगातलं तांबं बाहेर काढणारं, जेवणाआधी तासभर, आणि तांबं कमी असलेलं खाणं. हे ठळक सांगतोय कारण पुढे मी मिल्क थिसलबद्दल बरंच लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल बंडू त्याने सुधारला. मिल्क थिसल गाडीत होतं, स्टिअरिंगवर नव्हतं.

आता मिल्क थिसल. भूमध्य समुद्राकडची काटेरी वनस्पती, जांभळं फूल, पानावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. औषध बियांत असतं, त्या अर्काला सिलिमरिन म्हणतात. पेशीला होणारी झीज ते कमी करतं असं मानतात, आणि युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या माणसांना त्यातलाच सिलिबिनिन हा घटक शिरेतून देतात. जनावरांचे डॉक्टर ते पूरक म्हणून वापरतात. सुरक्षित बऱ्यापैकी आहे. पोट सैल होणं, कधी उलटी, एवढाच त्रास सहसा दिसतो.

पण ही वनस्पती ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. माझ्या भाच्याने मोबाइलवर फोटो बघितला आणि बांधावरून एक झाड उपटून आणलं. "मामा, हेच ते, पानावर पांढऱ्या शिरा बघा." पान मोडलं तर पिवळाधमक चीक बोटाला लागला. तो पिवळा धोत्रा होता. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्याच बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठाहून जास्त माणसं गेली. दुसरी गल्लत होते उटकटारीशी, तीही काटेरी, पण वेगळी. भुईआवळ्याच्या बाबतीतही तेच. पावसात अंगणात उगवतो, पानाखाली ओळीने बारीक फळं लटकतात. त्याच्या शेजारीच दुधीच्या जातीची चिकाळ रोपटी असतात. देठ मोडून बघा, पांढरं दूध आलं तर तो भुईआवळा नव्हे. तरीही अंगणातला रस जनावराला किती द्यायचा याचं माप नाही, म्हणून आम्ही ती जुडी कंपोस्टात टाकली. पाहुण्यांना सांगितलं नाही.

मुलाने कॅनडाहून पहिली बाटली पाठवली ती लिव्हर डिटॉक्सची. झोकदार लेबल, मागे अकरा घटक. मी भिंग घेऊन बसलो. मिल्क थिसल तिसऱ्या नंबरला, त्याच्याआधी हळदीचा अर्क आणि ग्रीन टीचा अर्क. ग्रीन टीचा तीव्र अर्क उपाशीपोटी घेतला की लिव्हरलाच इजा होते, हे कुत्र्यांवरच्या चाचण्यांतही दिसलं होतं. लिव्हरच्या बाटलीत लिव्हरला मारणारी वस्तू! त्यात काळ्या मिरीचा अर्कही होता. मिरी आतड्यातून औषधं जास्त शोषून घ्यायला लावते, म्हणजे दुसऱ्या गोळ्यांचा डोसही आपोआप वाढू शकतो. मुलाला फोन केला, बाबा रे, एकच घटक असलेली पाठव.

लेबल वाचायची रीत अशी. एक, घटक एकच हवा. दोन, अर्क किती आणि त्यात सिलिमरिन किती टक्के ते लिहिलेलं हवं. आमच्या दुसऱ्या बाटलीवर कॅप्सूलमागे अर्क १७५ मिलिग्रॅम, सिलिमरिन ८० टक्के असं होतं. म्हणजे खरं औषध १४० मिलिग्रॅम. नुसतं 'बियांची पूड ५०० मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असेल तर हिशेब लागतच नाही. तीन, फॉस्फॅटिडिलकोलिन या स्निग्ध पदार्थाशी जोडलेलं सिलिबिन (म्हणजे वरचं सिलिबिनिनच) असेल तर ते जास्त शोषलं जातं, त्यामुळे त्याचा डोस साध्या अर्काच्या डोसाने मोजायचा नाही. चार, थेंबाच्या बाटल्या बहुधा अल्कोहोलमध्ये बनवलेल्या असतात. दुखऱ्या लिव्हरच्या जनावराला दारूतलं औषध देऊ नये हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पाच, शुगर-फ्री सिरप असेल तर लेबलावर झायलिटॉल हे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य आहे का बघा. कुत्र्याला ते जहर आहे, थोड्याने साखर कोसळते, जास्त गेलं तर लिव्हरच बंद पडतं.

डोस डॉक्टरांकडूनच घ्या. पुस्तकांत किलोमागे दिवसाला २० ते ५० मिलिग्रॅम सिलिमरिन असा ऐसपैस पट्टा दिलेला असतो, आणि तुमच्या जनावराने त्यात कुठे बसायचं हे त्याच्या आजारावर ठरतं. आमच्या मॅडमनी खालच्या टोकाच्याही किंचित खाली ठेवलं: सकाळी दोन, संध्याकाळी दोन. दिवसाचे ५६० मिलिग्रॅम, किलोमागे अठराच्या आसपास. पण पहिले चार दिवस फक्त एक, मग चार दिवस दोन, मग तीन. सहाव्या दिवशी संडास पातळ झाली. वहीत शेरा: 'पातळ, दोनदा, रक्त नाही, खाणं पूर्ण.' मॅडमना फोन केला, पुन्हा एकीवर आलो, आठवड्याने परत चढलो. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू केली होती म्हणून हे कळलं. त्याच आठवड्यात खाणंही बदललं असतं तर दोष कुणाला द्यायचा?

सॅम-ई नावाची लिव्हरसाठीचीच आणखी एक पूरक गोळी बऱ्याचदा याच्या जोडीला देतात. ती झाडपाला नाही, पण विषय निघतोच. ती उपाशीपोटी द्यायची, जेवणाआधी तासभर, आणि तोडायची किंवा कुटायची नाही. वरचं आवरण फुटलं की गोळी पोटातच वाया जाते. आमच्याकडे पेनिसिलामाइनही उपाशीपोटीच होतं. एवढं टाइमटेबल सांभाळणं मॅडमना नको वाटलं आणि त्यांनी सॅम-ई ठेवलीच नाही.

कॅप्सूल भरवायची कला मात्र मी शिकलो. जबडा उघडून घशात ढकलण्याचा मार्ग पहिल्याच दिवशी संपला, माझा अंगठा साक्षीला आहे. मग उकडलेलं रताळं. सुपारीएवढे तीन गोळे करायचे. पहिला रिकामा, तो वास घेऊन चावून खातो. दुसऱ्यात कॅप्सूल. आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या आशेने दुसरा न चावता गिळला जातो. हाताला कॅप्सूलचा कडवट वास लागला असेल तर मात्र खेळ फसतो, म्हणून कॅप्सूल भरणारा हात वेगळा आणि देणारा वेगळा. डावा-उजवा एवढा हिशेब मी आयुष्यभर पैसे आणि तिकिटात केलाच होता. शेवटी सिरिंजने पाच मिली पाणी गालाच्या फटीतून, हळूहळू. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसते आणि तिथे जखम करते. मांजरात तर हे फार होतं. पीनट बटरमध्ये घालून देणारे असतात, त्यांनी झायलिटॉलचं वरचं वाक्य परत वाचावं.

मांजरांचं सगळंच वेगळं. बहिणीकडची मनी दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून माळ्यावर बसली आणि तीन दिवस जेवली नाही. जाड मांजर होतं. चौथ्या दिवशी कानाची आतली बाजू पिवळी. बहिणीने मला फोन केला, "दादा, बंडूचं औषध कोणतं रे?" मी म्हटलं, औषध राहू दे, आत्ता रिक्षा कर. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि तिथे अन्न हेच औषध असतं. मनीला नळी घालून तीन आठवडे भरवावं लागलं, पण वाचली. शिवाय काही औषधं निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये उपजतच कमी असते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारते. तेव्हा कुत्र्याचा डोस वजनाने भागून मांजराला देणं हा हिशेबच चूक.

घरातल्या काही 'निरुपद्रवी' वस्तूंबद्दल. लसूण आणि कांदा नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एरंडाच्या पानांचा रस काविळीवर गावोगाव देतात. एरंडाच्या बिया जीवघेण्या असतात आणि पानंही बिनविषारी नाहीत, कुत्र्याच्या आसपास नको. कडू देवडांगरीचे थेंब नाकात सोडून 'पिवळं पाणी काढणारे' लोक अजून आहेत. माणसाचं त्याचं त्याने बघावं, कुत्र्याच्या नाकात सोडू देऊ नका. पिवळं पाणी लिव्हरमधून नव्हे, भाजलेल्या नाकातून येतं. गुळवेल कोरोनाच्या दिवसांत घरोघर गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या काही माणसांत लिव्हरला सूज आल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद त्यांचा चालू दे. ज्याचं लिव्हर आधीच सुजलेलं आहे त्याच्यावर मी तो वाद तपासून बघणार नाही. हळद जेवणात चिमूटभर पडली तर कुणी मरत नाही. अर्काच्या कॅप्सूल म्हणजे चिमूटभर नव्हे.

दुकानात जनावरांसाठी बनवलेली लिव्हर टॉनिकं मिळतात, लिव्ह ५२ चं जनावरांचं वेगळं सिरप आहे, ते पुष्कळ डॉक्टर देतात. तिथेही नियम तोच, माणसाची बाटली जनावराला नको, आणि लोह असलेलं काही पेनिसिलामाइनच्या वेळेला जवळपास नको, औषध शोषलं जात नाही.

वहीत मी रोज पाच गोष्टी टिपतो: खाणं (पूर्ण, अर्धं, नाही), उलटी, संडास, लघवीचा रंग आणि हिरड्या. हिरड्या सकाळच्या उन्हात बघायच्या, ट्यूबलाइटच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. रविवारी वजन: आधी मी एकटा काट्यावर, मग त्याला उचलून. हल्ली कंबर नाही म्हणते, म्हणून धान्याच्या दुकानातला काटा वापरतो, दुकानदार ओळखीचा आहे. पुढचं काही दिसलं तर वही मिटून सरळ दवाखाना: हिरड्या किंवा डोळे पिवळे, लघवी चहासारखी, संडास डांबरासारखी काळी, पोट मडक्यासारखं फुगलेलं, किंवा चालताना झोकांड्या आणि भिंतीला डोकं टेकून उभं राहणं. हे शेवटचं लोकांना गमतीचं वाटतं, व्हिडिओ काढतात. लिव्हरने न गाळलेलं विष मेंदूपर्यंत गेल्याची ती खूण असू शकते.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त: एसजीपीटी २३०. तीन महिन्यांनी १२४. यात पेनिसिलामाइन किती, कलेजी बंद झाल्याचं किती आणि कॅप्सूलचं किती, हे सांगता येत नाही आणि मॅडमही सांगत नाहीत. वहिनींना मी आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आरोग्यवर्धिनीने सुरुवात तरी चांगली झाली होती."

आकडा मर्यादेत येऊन टिकला की मिल्क थिसलही कायम चालवायचं नसतं. या महिन्यात संध्याकाळच्या दोन कॅप्सूल बंद झाल्या. बंडूला ते कुणी सांगितलेलं नाही. आठ वाजले की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो, मी तीन गोळे करतो, तिन्ही रिकामे. दुसरा तो अजूनही न चावताच गिळतो.